खदानीचे पाणी आणि आपली पोरे



या सदरात एरवी आम्ही बेणेप्रक्रिया, खोडवा, पाचट असल्या गोष्टींवर लिहितो. या खेपेला विषय आहे जुन्या दगडखदानी आणि त्यांत साठलेले पाणी. हा विषय उसाचा नाही असे कोणी म्हणेल. पण आपल्या काही सभासदांच्या मोटारी अशा खदानींवर बसलेल्या आहेत, काहींची जमीनच खदानीला गेलेली आहे, आणि हंगामात तोडणी टोळ्यांच्या कोप्या पुष्कळदा याच पाण्याच्या आसऱ्याने पडतात. उन्हाळ्यात गावची पोरे पोहायला जातात ती आता बहुतेक तिथेच. तेव्हा हे पाणी नेमके कसे असते, ते एकदा समजून घेतलेले बरे.

खानदेशचा उन्हाळा आपल्याला सांगायला नको. जळगाव, भुसावळ, धुळे इकडे पारा ४४-४५ अंशांवर गेला तरी कोणी विशेष मानत नाही. अशा दिवसांत पोरांना पाणी दिसले की ती थांबत नाहीत, आणि थांबावीत तरी का? आमच्या पिढीला पोहण्यासाठी नदीचे डोह होते आणि विहिरी होत्या. पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा पत्र्याचा डबा बांधायचा, कमरेला दोर, दोराचे दुसरे टोक काकाच्या हातात, आणि मागून एक धक्का. आठ दिवसांत पोरगे पोहायला लागे. आता गिरणा, पांझरा, बोरी यांच्या पात्रात धरणाचे आवर्तन सुटले तरच पाणी दिसते. वाळू उपशाने डोह मोडले. बोअर आले तशा विहिरी कोरड्या पडल्या, काही बुजवल्या, काहींवर जाळी बसली. उरली ती खदान. तिथे भर वैशाखात निळेहिरवे पाणी असते, आणि तिथे कोणी हटकत नाही.

ही खदान आली कुठून, ते आधी पाहू. आपला सगळा मुलूख काळ्या दगडाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वर आला आणि थरावर थर पसरला. त्यातला काही लाव्हा त्या भेगांतच थिजला आणि जमिनीत उभी भिंत चिणल्यासारखा राहिला. भूगर्भवाले त्याला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबार हा पट्टा या डाइकसाठी अभ्यासकांत नावाजलेला आहे. दोनशेहून अधिक डाइक इथे मोजलेल्या आहेत, आणि त्यांतली सर्वांत लांब जवळपास ८० किलोमीटर जाते. साक्री-दोंडाईचाकडे जाताना शेतांच्या मधून एका रेषेत गेलेला दगडांचा बुटका डोंगर दिसतो ना, तीच ही. ज्यांची विहीर या भिंतीच्या एका अंगाला आहे त्यांना पाणी भरपूर आणि पलीकडच्याला ठणठणाट, हा अनुभव पुष्कळ सभासदांना असेल. जमिनीखालचे पाणी त्या भिंतीला अडते, म्हणून तसे होते. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

हा दगड टणक, खडीला उत्तम. रस्ता, रेल्वे, धरण, पूल, काहीही बांधायचे झाले की जवळचा असा दगड पाहून सुरुंग लावायचे. मुंबई-आग्रा रस्ता चौपदरी झाला, नागपूर-सुरत महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३) रुंद झाला, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना क्रशर उभे राहिले. काम संपले की क्रशर उचलून नेतात, खड्डा मात्र तिथेच राहतो. तापीकाठच्या यावल-रावेरच्या काळ्या गाळपेरात खोलवर मातीच माती, तिथे दगडाची खदान नाही. तिकडच्या मंडळींनी हा लेख मुरमाच्या आणि विटभट्टीच्या खड्ड्यांसाठी वाचावा. त्यांचे दुखणे थोडे वेगळे, पण तितकेच खोल.

गेल्या मे महिन्यात आम्ही, म्हणजे गटातले दोन कर्मचारी आणि आम्ही स्वतः, धुळ्याच्या बाजूची अशी एक खदान मुद्दाम पाहायला गेलो. गावाचे नाव देत नाही, कारण तशी खदान प्रत्येकाच्या दोन कोसांत आहे. काम बंद होऊन बरीच वर्षे झालेली. एका बाजूने जुना गाडीरस्ता उतरत पाण्यात जातो, बाकी तिन्ही बाजूंना सरळ कडा. दुपारी चारच्या सुमाराला तीस-पस्तीस जण असतील. लहान पोरे गाडीरस्त्याच्या तोंडाशी, मोठी समोरच्या कड्यावरून उड्या मारणारी, दोघे-तिघे म्हशी धुणारे, एका कोपऱ्यात बाया धुणे धूत होत्या. हसणे-खिदळणे चाललेले. खोटे कशाला बोला, आम्हांलाही पाण्यात उतरावेसे वाटले.

आम्ही बरोबर एक लांब दोर नेला होता. त्याला दोन-दोन फुटांवर गाठी मारल्या आणि टोकाला नांगराचा जुना फाळ बांधला. गाडीरस्त्यावरून पाण्यात चालत गेलो तर दहा-बारा पावले गुडघाभर, मग कमरेइतके. पोरे तिथेच डुंबत होती. त्या जागेपासून हातभर पुढे फाळ सोडला, तो अकराव्या गाठीवर थांबला. म्हणजे बावीस फूट. कमरेइतके पाणी आणि बावीस फूट पाणी यांच्या मध्ये एक पाऊल. पाण्यावरून पाहिले तर काहीच कळत नव्हते, रंगात किंचित फरक होता एवढेच. आम्ही ते जवळ बसलेल्या एका म्हाताऱ्या आप्पांना दाखवले. ते म्हणाले, "साहेब, आम्हले माहित शे. पन नदीमा पानी नही, मंग पोरे जातीन कोठे?" त्यांच्या प्रश्नाला आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. पुढचे बरेचसे लिखाण त्यातूनच झाले आहे.

तर पहिली गोष्ट काठाची. नदीचा किंवा तलावाचा काठ पाण्याने घडवलेला असतो, म्हणून तो उतरता असतो. पाऊल टाकता टाकता पाणी गुडघ्याला, मांडीला, छातीला लागते, आणि माणसाला परत फिरायची बुद्धी होते. खदान सुरुंगाने घडवलेली असते. खालच्या थरातला दगड काढायचा म्हणून टप्प्याटप्प्याने सरळ कापत गेलेले. त्यामुळे तळाशी पायऱ्या असतात, पण त्या राक्षसाच्या पायऱ्या. एकेक पायरी दहा-वीस फुटांची. ज्याला पोहता येत नाही तो उथळात उभा आहे असे आपण समजतो, आणि प्रत्यक्षात तो कड्याच्या टोकावर उभा असतो.

दुसरी गोष्ट, आणि आमच्या मते हीच सर्वांत मोठी, ती बाहेर निघण्याची. पोहणारी पोरेसुद्धा बुडतात ती का? आत जाण्याच्या जागा खदानीत चारी बाजूंनी असतात, बाहेर निघण्याची एकच. कड्यावरून उडी मारली की पोरगे गाडीरस्त्यापासून सगळ्यांत लांबच्या टोकाला पडते. दम असतो तोवर ते पोहत येते. तिसऱ्या-चौथ्या उडीला दम तुटतो, मग ते जवळच्या कड्याला धरायला जाते. कडा उभा, वर शेवाळ, बोट अडकेल अशी खाच नाही. दगडाला हात लागलेला असतो आणि माणूस बुडतो. उन्हाळ्यात मोटारी चालून पाणी खाली जाते तसा हा कडा आणखी उंच होत जातो. दिवाळीला जिथे हात टेकवून वर येता येत होते तिथे चैत्रात डोक्यावर पुरुषभर दगड असतो.

तिसरी गोष्ट डोळ्याच्या फसवणुकीची. पाण्यातली वस्तू आहे त्यापेक्षा वर दिसते. काठी पाण्यात धरली की वाकलेली दिसते, त्यातलाच हा प्रकार. वरून सरळ पाहिले तर चार फूट पाणी तीन फूट वाटते, वीस फूट पंधरा वाटते. नदीचे पाणी गढूळ असते, तळ दिसत नाही म्हणून माणूस भितो. खदानीचे पाणी हलत नाही, गाळ खाली बसतो, पाणी नितळ होते, आणि नितळ पाणी ओळखीचे वाटते. याच्या उलट धोका उडी मारणाऱ्याला. निळ्या पाण्याखाली तीन-चार फुटांवर न फुटलेला दगडाचा ओटा राहिलेला असू शकतो, कड्यावरून सुटलेला धोंडा असू शकतो, क्रशरचे जुने लोखंड असू शकते. डोके खाली करून उडी मारणारा त्यावर आदळला तर मानेचा मणका जातो. जीव वाचला तरी पुढचा जन्म खाटेवर.

गाळाचेही थोडे सांगतो. क्रशरची बारीक भुकटी पावसाने वाहून खदानीच्या तळाशी बसते. वरून ती टणक जमीन दिसते, पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत. घाबरून दुसरा पाय जोराने मारला की तोही आत. इथे झटापट करू नये, अंग आडवे टाकून हातांनी पाणी मागे लोटावे. पण हे कागदावर वाचलेले तेव्हा आठवेल याची खात्री कोणी द्यावी?

थंडीबद्दल पुष्कळ बोलले जाते. विलायतेत खदानीचे पाणी भर उन्हाळ्यातही इतके गार असते की उडी मारताच माणसाचा श्वास अडकतो, आणि तिथले बरेच मृत्यू त्यानेच होतात. आपल्याकडे तेवढी बाब नाही. तरी एक ध्यानात ठेवावे. कड्यांमुळे खदानीत वारा लागत नाही, पाणी ढवळले जात नाही. वरचे दोन-तीन हात उन्हाने कोमट आणि खालचे गार, असे दोन थर होतात. तापलेल्या अंगाने खोल बुडी मारली की तो गारवा एकदम झोंबतो, श्वास चुकतो, आणि नेमका त्याच वेळी पाण्याचा घोट जातो.

आता एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. विहीर तरी काय उतरती असते? तिचाही कडा उभाच, पाणीही खोलच. मग विहिरीत पोहून पिढ्या गेल्या त्या कशा? याचा विचार आम्ही बराच केला. विहिरीला पायऱ्या असतात, नाहीतर मोटेच्या धावेजवळ दोर तरी असतो. ती पंचवीस-तीस फूट रुंदीची, कुठूनही चार हात मारले की काठ. तिची खोली सगळ्या गावाला पाठ असते. आणि मुख्य म्हणजे विहीर कोणाची तरी असते. मालक ओरडायला येतो, काका दोर धरून बसतो, बाई पाण्याला येते. खदान कोणाचीच नसते. ठेकेदार गेला, जागा कागदोपत्री सरकारची किंवा कोणा खातेदाराची, पण तिथे उभे राहणारे माणूस नाही. विहिरीत दगडामुळे सुरक्षितता नव्हती, माणसामुळे होती.

खदानीला असे मालकपण मिळाल्याचे उदाहरण पाहायचे तर कोल्हापूरला जावे. तिकडे खदानीला खणच म्हणतात. रंकाळा तलाव हा मुळात दगडाची खाण होता असे तिथले जुने लोक सांगत आले आहेत, आणि त्याच्या शेजारची इराणी खण तर नावानेच खण आहे. पंचगंगेचे प्रदूषण वाढले तसे गणपती विसर्जन नदीतून काढून या इराणी खणीत करण्याची व्यवस्था झाली. विसर्जनाच्या दिवशी तिथे महापालिकेची माणसे असतात, उजेड असतो, उतरायची जागा ठरलेली असते. खड्डा तोच, खोलीही तीच, पण त्या दिवसापुरती ती कोणाची तरी असते.

नुसत्या बंदीने काय होते त्याचा एक दाखला इंग्लंडातला. डर्बीशायर परगण्यात बक्स्टन गावाजवळ हार्पर हिल म्हणून चुनखडीची जुनी खदान आहे. तिचे पाणी इतके निळे की लोक त्याला निळे सरोवर म्हणत आणि लांबून पोहायला येत. चुन्यामुळे त्या पाण्याचा सामू ११ च्या वर, म्हणजे जवळजवळ धुण्याच्या अमोनियाइतका दाहक. फलक लावले, पाण्यात मोडक्या गाड्या आणि मेलेली जनावरे आहेत असे लिहिले, तरी लोक येतच राहिले. शेवटी २०१३ साली तिथल्या कौन्सिलने पाण्यात काळा रंग ओतला. निळे दिसेनासे झाले तेव्हा गर्दी हटली. आपला दगड चुनखडीचा नाही, त्यामुळे आपल्या पाण्यात तसला दाहकपणा नसतो. पण ‘पोहण्यास सक्त मनाई आहे’ असा पत्रा ठोकून आपली जबाबदारी संपली असे समजणाऱ्यांनी ही हकिगत लक्षात घ्यावी. आम्ही पाहिलेल्या खदानीवरही तसा पत्रा होता. त्यावर पोरांनी कपडे वाळत घातले होते.

आता आपल्या कारखान्याशी थेट संबंध असलेली गोष्ट. पावसाळा संपतो तेव्हा खदानी काठोकाठ भरलेल्या असतात. काठ आणि पाणी एका पातळीत, वर गवत आणि शेवाळ, कडा कुठे सुरू होतो ते दिसत नाही. नेमक्या याच वेळी गाळप हंगाम सुरू होतो आणि टोळ्या येतात. साक्री, नवापूर, चाळीसगाव, बीड, कुठून कुठून आलेली माणसे. मुकादम पाणी जवळ पाहून कोप्या टाकायला सांगतो, आणि त्यात त्याची चूक तरी काय? पाण्यासाठी बायांची पायपीट वाचते. पण कोयता पहाटे तीनला बाहेर पडतो. आई-बाप फडात, आणि कोपीवर राहते सात-आठ वर्षांची मुलगी, तिच्या कडेवर दीड वर्षाचे भावंड. गावची पोरे खदान ओळखून असतात. ही पोरे तिथे आठ दिवसांपूर्वी आलेली असतात, आणि आपला गट संपला की पुढच्या गावी नव्या खड्ड्याशेजारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली, आणि त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. ही मुले पोहायला गेलेली नसतात. ती खेळता खेळता किंवा तांब्या भरायला गेलेली असतात.

म्हणून फडमालक सभासदांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की कोप्यांची जागा मुकादमावर सोडू नका, गटकर्मचाऱ्याला बरोबर घेऊन स्वतः दाखवा. खदान, शेततळे, उघडी विहीर यांपासून लहान पोर चालत जाणार नाही इतक्या अंतरावर, आणि शक्यतो मध्ये रस्ता किंवा वस्ती असेल अशी. पाण्याचे टाके किंवा टँकर कोपीपाशी द्या. पाणी दाराशी असले की खदानीकडे जायचे अर्धे कारण संपते. दुसरी जागाच नसेल तर खदानीच्या गाडीरस्त्याच्या तोंडाशी बोराटीची नाहीतर बाभळीची काटी घाला. दीड वर्षाच्या पोराला फलकापेक्षा काटा लवकर समजतो.

आप्पांच्या प्रश्नाकडे वळू. पोरे जातील कोठे? ती खदानीतच जाणार असतील तर खदानीला विहिरीसारखे करता येईल का? बांगलादेशात घरोघर तळी आणि पुराचे पाणी, तिथे मुले फार बुडत. तिथे त्यांनी गावच्याच तळ्यात बांबूचा तराफा आणि कठडा बांधून, ठराविक खोलीची चौकट करून, सहा-सात वर्षांपुढच्या मुलांना गावच्याच शिकवलेल्या माणसांकडून पोहणे शिकवायला सुरुवात केली. त्याला टाइल्सचा तलाव लागला नाही. आपल्याकडे गाडीरस्त्याच्या उथळ भागात असे करणे अवघड नाही. जिथे उथळ संपते त्या रेषेवर दोन्ही कड्यांना पहारी ठोकून आडवा नायलॉनचा दोर ताणायचा आणि त्याला हातभर अंतरावर बुचे घट्ट लावलेले रिकामे तेलाचे डबे बांधायचे. पाण्याच्या पातळीप्रमाणे दोर महिन्या-पंधरा दिवसांनी खाली सरकवावा लागतो, ते काम मोटार चालू-बंद करणाऱ्याकडेच द्यावे. उभ्या कड्यांच्या बाजूंना वरून दोन-तीन ठिकाणी गाठी मारलेले दोर पाण्यात लोंबते सोडायचे, म्हणजे दमलेल्याला धरायला काही मिळेल. आणि काठावर दोर बांधलेली ट्रॅक्टरची हवा भरलेली जुनी ट्यूब. ती चोरीला जाईल असे कोणी म्हणाले. जाईल. मग दुसरी ठेवावी.

हे जुन्या खदानींचे झाले. नवी खदान होतानाच काळजी घेतली तर काम निम्म्याने हलके होते, आणि इथे सभासदाचा हात चालतो. जमिनीतले खनिज सरकारचे, हे जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ४८ मध्ये आहे. परवान्याशिवाय मुरूम विकला तर दंड खातेदारालाही बसतो. परवाना रीतसर असला तरी करारात बाजूंबद्दल काही आहे का ते पाहावे. खाणकामाचे १९६१ चे नियम सांगतात की माती-मुरुमासारख्या मऊ थरात बाजू ४५ अंशांहून उभी नसावी, नाहीतर दीड मीटरहून उंच नसलेल्या पायऱ्या काढाव्या आणि पायरीची रुंदी उंचीहून कमी नसावी. कठीण दगडात एकेक पायरी ६ मीटरपेक्षा उंच नसावी. ठेकेदाराला हे माहीत असते. आपल्याला माहीत आहे हे त्याला कळले पाहिजे. शेवटच्या आठवड्यात त्याचे यंत्र जागेवर असतानाच एक बाजू उतरती करून घ्यावी. यंत्र गेल्यावर ते काम तुमच्या खिशातून.

काही सभासद विचारतात की आमच्या खदानीत एवढे पाणी आहे, ते जिरून विहिरींना येईल का? सरसकट नाही. अखंड काळ्या दगडात कोरलेली खदान म्हणजे दगडी टाके, त्यात पाणी साठते, मुरत नाही. उन्हाने वाफ होऊन जाते ते वेगळे. शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूगर्भतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांनी जे काम उभे केले त्यात नाले रुंद आणि खोल केले ते मुद्दाम, पाणी जिथे मुरेल त्या थरापर्यंत पोचण्यासाठी. वरचा घट्ट थर फोडून खालच्या मुरमाड थरात पाणी सोडायचे, हा त्यातला हिशेब. तेव्हा आपली खदान कोणत्या थरात आहे ते जाणत्याला दाखवून मगच उसाची लागण वाढवावी. एका दगडी टाक्याच्या भरवशावर सुरू उसाचे क्षेत्र धरले तर मे महिन्यात ऊस वाळतो, आणि खाली गेलेल्या पाण्यापायी वर सांगितलेला कडा उघडा पडतो.

इतके करूनही कोणी बुडाले तर काय? एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशा एकाच घरातल्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. बुडणारा माणूस हाती लागेल त्याला मिठी मारतो, त्यात त्याचा दोष नाही. म्हणून आधी पाण्यात उडी नको. बांबू, दोर, धोतर, लुगडे, ट्यूब, रिकामा डबा, जे असेल ते त्याच्याकडे टाकावे आणि काठावर आडवे पडून ओढावे. उभ्याने ओढले तर आपणच आत जातो. हाक मारणारा वाचतो असेही नाही. बुडणारा बहुधा ओरडत नाहीच, त्याचे तोंड श्वासासाठी वर-खाली होत असते आणि बघणाऱ्याला तो खेळतो आहे असे वाटते.

बाहेर काढल्यावर उलटे धरून गरगर फिरवणे, पोटावर बसून पाणी काढणे हे जुने उपाय कृपया करू नयेत. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि पोटातले पाणी श्वासनळीत शिरते. मेंदूला चार-सहा मिनिटे प्राणवायू मिळाला नाही की इजा सुरू होते. श्वास चालत नसेल तर पाठीवर निजवावे, हनुवटी वर करावी, नाक चिमटीत धरून तोंडाने पाच वेळा श्वास द्यावा. मग छातीच्या मधोमध तळहाताने जोराने आणि भरभर ३० दाब, पुन्हा २ श्वास, असे अँब्युलन्स येईपर्यंत चालू ठेवावे. दुसऱ्याने लगेच १०८ ला फोन लावावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यावेच, कारण फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनी त्रास देते.

एक कागदाची बाब, सांगायला जड जाते तरी सांगतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत पाण्यात बुडून झालेला मृत्यू धरला जातो. १० ते ७५ वर्षे वयाचा वहितीधारक खातेदार आणि त्याच्या घरातली एक व्यक्ती यांच्यासाठी वारसांना २ लाख रुपये मिळतात. प्रस्ताव ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. बरेच दावे अडकतात ते एकाच कारणाने. ‘आता चिरफाड कशाला’ म्हणून घरचे लोक पोलिसांत न कळवता अंत्यविधी उरकतात. पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल नसेल तर पुढे काही करता येत नाही. त्या घडीला घरच्यांना हे सुचत नाही, शेजाऱ्याने किंवा पोलीस पाटलाने सांगायचे असते. तोडणी मजुराच्या नावावर सातबारा नसतो, त्यामुळे त्याला ही योजना लागू होत नाही, आणि दहा वर्षांखालचे मूलही तिच्यात बसत नाही. म्हणजे कोप्यांवरच्या ज्या पोरांबद्दल वर लिहिले, त्यांच्यापैकी कोणालाच ती लागू नाही.

येत्या हंगामाच्या नोंदी सुरू होतील तेव्हा तोडणी कार्यक्रमाच्या अर्जाबरोबर गटकर्मचारी तुम्हांला एक प्रश्न विचारतील. तुमच्या फडापासून हाकेच्या अंतरावर खदान, मुरमाचा खड्डा किंवा शेततळे आहे का, आणि असल्यास कोप्या कुठे पडणार? उत्तर लिहून द्यावे. दोर, पहारी आणि जुन्या ट्यूबा यांची सोय ज्यांना लागेल त्यांनी त्याच वेळी सांगावे.